शाळेची बस, व्हॅन, रिक्षा: पालक दर जूनमध्ये विचारतात ते प्रश्न

मुलांच्या शाळेत मी चार वर्षं परिवहन समितीवर पालक प्रतिनिधी होते. शाळा पुण्यातली, नाव महत्त्वाचं नाही. जून आला की ग्रुपवर तेच प्रश्न यायचे आणि मी तीच उत्तरं अंगठ्याने टाइप करत बसायचे. शेवटी एकदा सगळं लिहून काढलं. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. जिथे मला खरी धास्ती वाटते तिथे जास्त लिहिलंय.

सगळ्यात जास्त भीती कशाची? भरधाव बसची ना?

मलाही आधी तसंच वाटायचं. वेगाची भीती खोटी नाही, पण उभ्या बसभोवतीची चार-सहा पावलं जमीन त्याहून दगाबाज असते. मूल उतरतं, गळ्यातली बाटली सुटून बसखाली घरंगळते, मूल ती घ्यायला वाकतं. ड्रायव्हर आरशात बघतो, दार लागलेलं दिसतं, गिअर टाकतो. वाकलेलं मूल त्याला दिसत नाही.

आम्ही हे एकदा करून पाहिलं. शनिवारी मैदानात बस उभी केली, इंजिन बंद, चावी मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात, आणि एकेका पालकाला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. माझी दुसरीतली मुलगी बसच्या बंपरला टेकून उभी होती. मला समोरचं मैदान दिसत होतं, झेंड्याचा खांब दिसत होता, खांबावरचा कावळा दिसत होता. मुलगी दिसत नव्हती. तिला एकेक पाऊल पुढे सरकायला सांगितलं. चौथ्या पावलाला वेणीची लाल रिबीन दिसली, सहाव्याला चेहरा. खाली उतरले तेव्हा माझे हात गार पडले होते. शेजारचे एक बाबा, दोन वर्षं ‘ड्रायव्हरचं लक्ष कुठे असतं’ म्हणून भांडणारे, काही न बोलता उतरले.

हे तुमच्या शाळेत करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

मग मुलाला नेमकं काय शिकवायचं?

‘नीट जा, सांभाळून ये’ हे शिकवणं नव्हे, ते आपलं समाधान. मुलाला करायच्या गोष्टी सांगा, त्याही थोड्या.

बस यायच्या वेळी रस्त्याच्या कडेपासून मागे उभं राहायचं. किती मागे? फुटपाथ असेल तर आतल्या भिंतीला पाठ लावून. बस पूर्ण थांबली, दार उघडलं, बसमधल्या सहायक मावशींनी हात पुढे केला की निघायचं, त्याआधी नाही. उतरल्यावर तिथेच रेंगाळायचं नाही, बसपासून लांब व्हायचं, तेही बसच्या पुढून किंवा मागून नाही, दाराच्या सरळ समोर. काही खाली पडलं तर ते गेलं असं समजायचं. बाटली, डबा, शंभर रुपयांची भूमिती पेटी, काहीही असो. मावशींना किंवा ड्रायव्हरकाकांना ओरडून सांगायचं, ते देतील. आणि हे सांगताना आपण ‘पुन्हा बाटली हरवलीस तर बघ’ असं घरी कधी म्हटलंय का ते आठवा. मूल त्या धाकापायीच बसखाली वाकतं. आमच्या घरात त्या वर्षी मी जाहीर करून टाकलं की बसपाशी हरवलेल्या वस्तूबद्दल कुणीही रागावणार नाही. दोन डबे गेले. चालतंय.

लहानग्यांना एक प्रश्न पाठ करून द्या: ‘मला काकांचे डोळे दिसतायत का?’ आरशात असो वा काचेतून, काकांचे डोळे दिसत नसतील तर काकांनाही मी दिसत नाही. पहिलीतल्या मुलालाही हे पटकन कळतं, कारण ते लपाछपीचंच गणित आहे.

दप्तराचे लोंबते पट्टे, ओळखपत्राची दोरी, मुलींची ओढणी दारात किंवा रेलिंगमध्ये अडकते. दोरी ओढली तर सुटेल अशी असावी. पट्टे आत खोचून द्या.

आमचं घर रस्त्याच्या पलीकडे आहे. बस समोर थांबते आणि मुलगा रस्ता ओलांडून येतो. काही हरकत?

मोठी हरकत आहे.

आपल्याकडे बसचं दार डावीकडे. मूल डावीकडे उतरतं, घर उजवीकडे. म्हणजे त्याला बसला वळसा घालून रस्त्यात यावं लागतं, आणि बसच्या आडून अचानक बाहेर आलेलं मूल मागून ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीवाल्याला दिसायला वेळच मिळत नाही. माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्याकडे स्कूल बस थांबली की बाजूचा लाल ‘स्टॉप’चा फलक बाहेर येतो, लाल दिवे लुकलुकतात आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या गाड्या जागच्या जागी थांबतात. न थांबणाऱ्याला जबर दंड. ती सुट्टीवर आली तेव्हा सिंहगड रोडला आमच्या स्टॉपवर उभी राहिली आणि दोन मिनिटांत डोळ्यांवर हात ठेवून घरी गेली. आपल्याकडे बस थांबली म्हणजे मागच्याने हॉर्न वाजवून कडेने घुसायची संधी. याच रस्त्यावर याच लोकांमध्ये मूल उतरणार आहे, हे धरून चाला.

म्हणून पहिली मागणी ही की थांबा घराच्याच बाजूला हवा. त्यासाठी बसला पुढच्या चौकातून वळून यावं लागलं तरी. कंत्राटदार म्हणेल सात मिनिटं वाढतात. वाढू देत.

ते जमत नसेल तर मोठ्या माणसाने दाराच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, मुलाचा दंड धरायचा (बोट नाही, बोट सुटतं), बस निघून जाऊ द्यायची आणि रस्ता मोकळा दिसल्यावर ओलांडायचं.

आणि आजोबांना एक सांगा. मूल उतरताना रस्त्यापलीकडून हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही. मी स्टॉपवर पाहिलेल्या सगळ्या चुकांत ही सगळ्यात प्रेमाने केलेली आणि सगळ्यात घातक. आजोबा दिसले की पाच वर्षांच्या नातीला मधला रस्ता दिसत नाही. धाकट्या भावंडांचंही तेच. दादाची बस आली म्हणून आईचा हात सोडून पळणारं तीन वर्षांचं पोर बसमध्ये बसणाऱ्या मुलांच्या यादीत नसतं, म्हणून कुणाच्या हिशेबातही नसतं. त्याला कडेवर घ्या.

स्कूल बस पिवळीच का?

पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात, आणि नजरेच्या कडेलाही, तो रंग लवकर टिपला जातो. त्यावर काळी अक्षरं उठून दिसतात. अमेरिकेत १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या परिषदेत हा रंग ठरला आणि पुढे इतर देशांतही पसरला. आपल्याकडे खिडक्यांखाली तपकिरी पट्टा आणि त्यावर शाळेचं नाव असतं.

बसमध्ये काय काय असायलाच हवं? कायदा काय म्हणतो?

नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली. २८ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्कूल बसबद्दल जे निर्देश दिले, ते आज देशभरच्या नियमांचा पाया आहेत. महाराष्ट्राने स्कूल बससाठी २०११ मध्ये स्वतंत्र नियम केले.

सोप्या भाषेत, पालकाने स्टॉपवर उभ्या उभ्या बघता येईल असं: पुढे-मागे ‘स्कूल बस’ लिहिलेलं, भाड्याची असेल तर शाळेच्या कामावर असल्याची पाटी. शाळेचं नाव आणि फोन नंबर. खिडक्यांना आडव्या सळया. नीट लागणारं, कडी असलेलं दार. अग्निशामक नळकांडं, ज्याची तारीख उलटलेली नाही (हे हमखास उलटलेलं असतं, आमच्याही एका बसमध्ये निघालं). प्रथमोपचार पेटी, जिच्यात फक्त सुकलेला कापूस आणि चालकाचा कंगवा नाही. दप्तरं ठेवायला जागा, म्हणजे ती वाटेत पसरणार नाहीत. वेगनियंत्रक. संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा, आणि त्याच्यासमोर स्टेपनी टाकलेली नसावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निर्देशांतली एक गोष्ट बहुतेक पालकांना ठाऊकच नसते. सुरक्षितता बघायला पालकाला किंवा शिक्षकाला बसमधून प्रवास करता येतो. मी महिन्यातून एकदा न सांगता चढायचे. पहिल्या वेळी ड्रायव्हरकाका नाराज झाले. तिसऱ्या वेळी त्यांनीच माझ्याकडे मागच्या टायरची तक्रार केली, मालक ऐकत नाही म्हणून.

शाळा म्हणते, ‘बस कंत्राटदाराची, आमचा संबंध नाही.’

संबंध आहे. २०११च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. तिच्यात पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खात्याचा माणूस, स्थानिक पालिकेचा प्रतिनिधी आणि बस कंत्राटदाराचा प्रतिनिधी असतो. बसची कागदपत्रं, थांबे, भाडं, चालक हे सगळं समितीपुढे यायचं.

आता खरं सांगते. आमच्या शाळेत मी जायच्या आधी ही समिती फक्त रजिस्टरमध्ये होती. वर्षाच्या शेवटी एकाच दिवशी चार बैठकांच्या सह्या. भांडून उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो लेखी अर्जाचा: ‘मागच्या बैठकीचं इतिवृत्त पाहायला मिळावं.’ दोन ओळी, पोच घेतलेली. पंधरा दिवसांत बैठक लागली. शाळेला पालकांचा आवाज सहन करता येतो, पोच घेतलेला कागद अवघड जातो.

बसची कागदपत्रं मी स्वतः तपासू शकते का?

हो, मोबाइलवर. सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. फिटनेस (म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) आहे का, दिसतं. प्रवासी गाडीचं फिटनेस आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करून घ्यावं लागतं.

कागदाने काय होतं, असं विचारणारे भेटतात. हरियाणात महेंद्रगढ जिल्ह्यात ११ एप्रिल २०२४ ला, ईदच्या सुट्टीच्या दिवशी, शाळेची बस उलटली आणि सहा मुलं गेली. त्या बसचं फिटनेस २०१८ मध्येच संपल्याचं नंतर बाहेर आलं. चालक दारू प्यायलेला होता, असं पोलिसांचं म्हणणं. सहा वर्षांत एखाद्या पालकाने नंबर टाकून पाहिला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. जून आणि नोव्हेंबर, वर्षातून दोनदा टाका. दिवाळीनंतर पुष्कळदा गाड्या बदललेल्या असतात.

बस परवडत नाही. व्हॅन लावली तर?

व्हॅनकाका मुलाला नावाने ओळखतात, दारात येतात, पेपरच्या दिवशी पाच मिनिटं थांबतात. हे सुख खरं आहे, मी नाकारत नाही. पण तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नंबर प्लेट पिवळी आहे का? पांढरी असेल तर गाडी खासगी. तिला भाडं घेऊन मुलं न्यायची परवानगी नाही, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते.

मागचं दार उघडायला सांगा. बऱ्याच व्हॅनमध्ये मागे सीएनजीची टाकी असते आणि तिच्यावर फळी आणि गादी टाकून ‘जादा सीट’ केलेली असते. मी उघडायला लावलेल्या एका व्हॅनमध्ये त्या गादीवर बालवाडीची तीन मुलं मागे तोंड करून बसली होती. गादीवर मिकी माउसची चादर. टाकीच्या चाचणीची तारीख विचारली तर काका म्हणाले, ‘ताई, काही होत नाही.’ घरगुती गॅसवर चालणारी गाडी असेल तर एक क्षणही थांबू नका, मूल उतरवा आणि मग बोला.

तिसरं, दार. सरकतं दार आतून मुलाला उघडता येत असेल तर बालकुलूप लावून घ्या.

आणि रिक्षा?

माझं मत स्पष्ट आहे, आवडणार नाही कदाचित: नको. तीन जणांच्या रिक्षात आठ मुलं, दोन काकांच्या शेजारी, दप्तरं बाहेर लटकलेली, हे चित्र आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही चुकतंय हेच दिसेनासं झालंय. रिक्षाच लावायची असेल तर दोन-तीन घरांनी मिळून फक्त आपल्या तीन मुलांपुरती ठरवा, उजव्या बाजूला दांडा लावून घ्या आणि काकांच्या शेजारी कुणी बसणार नाही हे आधीच ठरवा. खर्च वाढतो. हो, वाढतो.

बसमध्ये मुलं उभी राहून येतात. तक्रार करावी का?

करावी. प्रत्येक मुलाला बसायला जागा, हा हिशेब. नुसतं ‘गर्दी असते’ म्हणू नका. तीन दिवस आपल्या मुलाला विचारून कितव्या स्टॉपनंतर जागा संपते ते लिहून ठेवा आणि तो कागद समितीला द्या.

ड्रायव्हरकाकांबद्दल काय विचारावं?

परवाना कोणत्या वाहनाचा, कधीपर्यंतचा. जड वाहन चालवायचा किमान पाच वर्षांचा अनुभव. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली का. दारू पिऊन, भरधाव किंवा बेदरकार चालवल्याबद्दल एकदाही दंड झालेला चालक स्कूल बसवर नको, असं १९९७च्या निर्देशांतच आहे.

मोबाइलचं वेगळं सांगते. २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ पहारेकरी नसलेल्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला रेल्वेने धडक दिली, १३ मुलं गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असं तेव्हा सांगितलं गेलं. पण आपण काय करतो? बस पाच मिनिटं उशिरा आली की काकांनाच फोन लावतो. सात स्टॉपवरचे सात पालक एकेक फोन करतात. काकांनी तो गाडी चालवताना घेतला तर दोष कुणाचा? आमच्या बसमध्ये ठरवलं की फोन फक्त मावशींना करायचा. काकांचा नंबर ग्रुपवरून काढूनच टाकला.

सगळ्यात धोक्याचा दिवस म्हणजे बदली ड्रायव्हरचा. त्याला थांबे माहीत नसतात, मुलं माहीत नसतात, आणि तो मुलांनाच विचारत असतो, ‘इथंच ना रे?’ नेहमीचे काका रजेवर असतील तर आदल्या रात्री ग्रुपवर कळलं पाहिजे.

बसमधल्या मावशींचं काम काय असतं?

खरं काम बस थांबल्यावर सुरू होतं. आधी स्वतः खाली उतरायचं, मागून येणाऱ्या गाड्यांकडे बघायचं, मुलाला उतरवून घ्यायचं, ओळखीच्या माणसाच्या हातात द्यायचं, मग पुढचं. सगळी उतरल्यावर बसच्या पुढे आणि खाली एकदा बघून हात दाखवायचा, तो दिसल्याशिवाय काकांनी बस हलवायची नाही. बसमध्ये मुली असतील तर सहायक महिलाच हवी.

आमच्या मावशींना महिना संपला तरी पगार वेळेवर मिळायचा नाही, म्हणून वर्षात तिघी बदलल्या. नवी मावशी म्हणजे पुन्हा कुणाची कोण आजी हे शिकणं. मावशींचा पगार हा मुलांच्या सुरक्षेचा विषय आहे हे समितीला पटवायला मला एक वर्ष लागलं.

मूल बसमध्ये झोपून राहिलं तर?

घडतं. मागच्या सीटवर झोपलेलं चार वर्षांचं मूल पुढून दिसत नाही. काका बस डेपोत लावतात, कुलूप घालतात. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते.

उपाय साधा आहे. शेवटच्या थांब्यानंतर मावशींनी शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, सीटखाली बघत. नुसतं वळून बघणं चालणार नाही. आम्ही मागच्या काचेला एक पाटी टांगली, ‘बस रिकामी’. ती फेरी संपल्यावर पुढे आणून लावायची आणि सकाळी पुन्हा मागे. पाटी आणायला जावंच लागतं. दुसरं, मूल गैरहजर दिसलं तर वर्गशिक्षिकेने पहिल्या तासातच घरी फोन करायचा.

मुलालाही शिकवा: एकटं सापडलं तर खिडकीशी यायचं, ओरडायचं, पुढे जाऊन हॉर्न दाबत राहायचं. चावी नसतानाही पुष्कळ गाड्यांचा हॉर्न वाजतो, पण तुमच्या बसचा वाजतो का हे काकांकडून करून बघा. मुलांना हा धडा फार आवडतो, कान झाकून घ्या.

बसमध्ये सीटबेल्ट नाहीत. चालतं का?

बऱ्याच जुन्या बसमध्ये मुलांच्या सीटना पट्टे नाहीत. म्हणूनच पाठ टेकून, समोर तोंड करून बसायची सवय जास्त लावावी लागते. ज्या गाडीत पट्टा आहे तिथे तो लावायचाच. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय नेलं तर चालकाला हजार रुपये दंड आहे.

पावसाळ्यात वेगळं काय?

रेनकोट भडक रंगाचा घ्या, काळा-निळा नको. टोपी अशी हवी की मान वळवल्यावर तीही वळेल. बहुतेक टोप्या तशाच राहतात आणि मुलाला बाजूचं काही दिसत नाही. दुकानातच मुलाला घालून दोन्ही बाजूंना बघायला सांगा. स्टॉपवर छत्री मोठ्यांकडे.

पाणी साचलेल्या रस्त्यात बस घालायची नाही, हे आधी ठरलेलं असावं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कित्येक मुलं रात्रभर शाळांत आणि गाड्यांत अडकली. तेव्हाचे पालक आज आजी-आजोबा आहेत, त्यांना विचारा. त्यांचं एकच म्हणणं असतं: मूल शाळेत होतं त्यांची रात्र निभावली, वाटेत होतं त्यांची निभता निभेना. म्हणून पाऊस वाढला की शाळेने मुलं थांबवून घ्यावीत, आणि आपण ‘आत्ताच्या आत्ता सोडा’ म्हणून फोन करू नयेत.

बसमध्ये जीपीएस आहे, ॲपवर दिसतं. मग काळजी कशाची?

जीपीएस बस कुठे आहे ते सांगतं, बसमध्ये मूल आहे का ते सांगत नाही. आणखी एक गंमत: ॲप आल्यापासून आमच्या सोसायटीतले लोक बस कोपऱ्यावर आल्यावर जिना उतरायला लागले. चप्पल हातात, पोळीचा घास तोंडात, मूल पुढे धावतंय. पूर्वी दहा मिनिटं आधी येऊन गप्पा मारायचे. मला तेच बरं वाटायचं.

स्टॉप लांब आहे, मी स्कूटरवर सोडते.

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मुलालाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेटसोबत चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पुढे उभं करून, दप्तर हँडलला लटकवून नेऊ नका. आणि बस निघून जाताना दिसली तर तिचा पाठलाग करून पुढे आडवं लावू नका. हसू नका, आमच्या स्टॉपवर दोघं करायचे.

आमच्या गावाला स्कूल बस नाही, पोरं एसटीने जातात.

महाराष्ट्रातली कितीतरी मुलं अशीच जातात. अहिल्याबाई होळकर योजनेत शाळकरी मुलींना मोफत पास आहे, काही तालुक्यांत मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आहेत. धोका गर्दीचा आणि स्टँडचा. गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून दप्तर टाकून जागा धरायची आणि चालत्या गाडीच्या दाराला लोंबकळायचं, ही चाल पोरं मोठ्यांकडूनच शिकतात. स्टँडवर गाड्या मागे घेताना कंडक्टरची शिट्टी वाजते. ती ऐकू आली की गाडीच्या मागून बाजूला व्हायचं, हे पहिल्याच दिवशी सांगा. शाळेची वेळ आणि गाडीची वेळ जुळत नसेल तर मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारप्रमुखांना भेटा, शाळेच्या शिक्क्याचा कागद लागतो.

बसमध्ये कुणी मुलाला त्रास देत असेल, किंवा नको तसा स्पर्श केला असेल तर?

मोठ्या मुलांची दादागिरी असेल तर मावशी, वर्गशिक्षिका, समिती, या क्रमाने जा. लहान मुलांना पुढे आणि मोठ्यांना मागे बसवलं तरी अर्धी कटकट मिटते.

दुसरी गोष्ट असेल तर समितीत मिटवायची नाही. मुलाला शांतपणे ऐका, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, ‘तू आधी का नाही सांगितलंस’ म्हणू नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, ११२ वर पोलीस. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, असं काही कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, शाळेनेही. ‘शाळेचं नाव जाईल’ असं म्हणणाऱ्याला हे वाक्य ऐकवा.

आणि मुलाला अचानक बसने जायचं नसेल, पोटात दुखत असेल, तर ते नाटक समजून ढकलू नका. एकदा बसून विचारा.

मला यायला जमलं नाही तर मुलाला दुसऱ्या कुणाकडे द्यायचं?

जूनमध्येच तीन नावं फोटोसह मावशींकडे द्या. त्याबाहेरचं कुणीही आलं, अगदी सख्खा मामा असला तरी, मूल बसमध्येच राहील आणि शेवटी शाळेत परत जाईल. घरात एक परवलीचा शब्द ठेवा. आमचा ‘साबुदाणा’ होता. एकदा मुलीच्या आत्यालाही तो सांगता आला नाही, मुलगी हलली नाही, आत्या महिनाभर रुसली.

अपघात झालाच तर?

११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. मावशींकडे मुलांची छापील यादी हवी: नाव, रक्तगट, दोन फोन नंबर. मोबाइलमध्ये नाही, कागदावर, बसच्या पुढच्या खणात. वर्षातून एकदा मुलांना संकटकाळच्या दारातून उतरवून पाहा. आमच्याकडे पहिल्या खेपेला ते दार उघडलंच नाही, रंगाच्या थराने चिकटलं होतं. गॅरेजवाल्याला बोलवावं लागलं.

तक्रार केली तर काका किंवा मावशी मुलावर राग काढतील, अशी भीती वाटते.

ही भीती मला खासगी मेसेजवर सगळ्यात जास्त विचारली गेली, ग्रुपवर एकदाही नाही. म्हणून तक्रार एकट्याच्या नावाने करू नका. त्याच स्टॉपवरचे तीन पालक मिळून समितीला लिहा, माणसाबद्दल नाही तर गोष्टीबद्दल: ‘बस पूर्ण थांबायच्या आधी दार उघडतं.’ आणि एरवीही काकांशी बोला. त्यांची पहिली फेरी पाच-सव्वापाचला सुरू होते, दुपारच्या फेरीआधी ते बसमध्येच मागच्या सीटवर पाय दुमडून झोपतात. हे कळल्यावर मी समितीत पहिला विषय मांडला तो चालकांना दुपारी बसायला खोली मिळण्याचा. शाळेने पंखा लावलेली एक खोली दिली. त्यानंतर दार आधी उघडण्याबद्दल मी काकांशीच बोलले. ‘कडी सैल झालीय, मावशी दाराला टेकली की आपोआप सरकतं,’ ते म्हणाले. दोन दिवसांनी कडी बदलली. किंमत साठ रुपये.